मालवणहून खोल समुद्रात गरवायला जायचे बुकिंग करावे का?

विचारलेले थोडक्यात असे. पुण्याहून चौघे मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांसाठी मालवणला येत आहेत. सोबत एकाचे ६८ वर्षांचे वडील आणि दुसऱ्याचा १२ वर्षांचा मुलगा. एका मध्यस्थाने त्यांना पहाटे ५ ते दुपारी ३ अशी फिशिंग ट्रिप सुचवली आहे: किनाऱ्यापासून ३० किलोमीटर आत, मोठा मासा नक्की, पूर्ण पैसे आधी, रद्द झाल्यास परतावा नाही, आणि मोकळी तारीख फक्त मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाची. सहापैकी एकाला घाटात गाडी लागते. बुक करावे का, आणि लागलेला मासा आपल्याला मिळतो का?

या अटींवर करू नका. समुद्रात मात्र जरूर जा. सहाही जणांना घेऊन सकाळची चार-साडेचार तासांची फेरी घ्या, ती मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, आणि पैशांची बोलणी अशी करा की हवा बिघडली तर मागे फिरताना तांडेलाचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचे, काहीही नुकसान होणार नाही. देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात मी बरीच वर्षे हौशी मंडळींना गरवायला नेतो. बोट कोणती, इंजिन किती ताकदीचे, रॉड कुठल्या कंपनीचा हे सगळे मी या शेवटच्या गोष्टीनंतर बघतो.

त्याचे कारण आधी सांगतो, कारण ‘परतावा नाही’ ही अट वाचून बहुतेकांना वाटते की धोका फक्त आपल्या पैशांना आहे. प्रत्यक्षात काय होते ते बघा. पैसे मध्यस्थाकडे जमा असतात. तांडेलाला त्याचा वाटा फेरी झाल्यावर मिळतो. आदल्या संध्याकाळी त्याने पदरचे पैसे घालून बर्फ आणि आमिष आणलेले असते, खलाशाला रोज ठरवलेला असतो. सकाळी जेट्टीवर वारा जरा जास्त दिसतो. बोट सोडली नाही तर त्याचा दिवस बुडतो, खलाशाचा बुडतो, आणि समोर पुण्याहून आलेली, पैसे भरून बसलेली माणसे ‘आता आलोच आहोत तर जाऊन बघू’ म्हणत असतात. त्या क्षणी ‘आज नको’ म्हणायला कोणाचीच सोय नसते. समुद्रावरचे बरेचसे वाईट निर्णय असे जमिनीवर, आदल्या आठवड्यात, पैशांच्या बोलणीत होऊन गेलेले असतात.

म्हणून बोलणी अशी करा. साधारण पाव रक्कम आगाऊ, बाकी परत जेट्टीवर उतरल्यावर. निघण्याआधीच तांडेलाने नाही म्हटले तर आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवसाला लागू, आणि दुसरा दिवसही जमला नाही तर बर्फ-आमिषाचा खर्च वजा करून परत. वाटेतून फिरावे लागले तर डिझेल आणि खलाशाचा रोज पूर्ण तुम्ही द्यायचा, उरलेल्या रकमेतली निम्मी द्यायची. हे पैसे तुम्हाला जड वाटतील, कारण मासा न बघता द्यावे लागतील. तरीही द्या. निर्णय कोणाचा, हेही आधीच बोलून ठेवा: तांडेलाचा, एकट्याचा, त्यावर चर्चा नाही. ज्या मध्यस्थाला हे मान्य नाही त्याच्याकडून बोट घेऊ नका. मालवण, देवबाग, तारकर्ली, निवती, देवगड इथे थेट तांडेलाशी बोलता येईल अशा बोटी मिळतात.

शेवटचा दिवस का नको, तेही यातच आले. शेवटच्या दिवशी हवा बिघडली तर बदलायला दिवस उरत नाही आणि सगळ्यांचा जीव ‘आजच’ यावर अडकतो. दुसरा दिवस ठेवलात तर तिसरा हाताशी राहतो.

आता ३० किलोमीटर. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण आपल्या किनाऱ्यासमोर अंतर वाढले म्हणून खोली फारशी वाढत नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, तरी सिंधुदुर्गासमोरही तिच्या कडेपर्यंत पोचायला शंभरेक किलोमीटर जावे लागते. मालवणहून १०-१२ किलोमीटर बाहेर गेलात तर पाणी साधारण २० ते २५ मीटर, म्हणजे अकरा ते चौदा वाव. ३० किलोमीटरवर ते पन्नासच्या आसपास. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रे बँक नावाचे बुडालेले पठार आहे, त्याचे नाव काही जण जाहिरातीत घालतात. दहा तासांच्या फेरीत तिथे जाऊन येणे होत नाही.

मालवणच्या साध्या डिझेल बोटीचा वेग ताशी ८-९ सागरी मैल धरला तर ३० किलोमीटरला दोन तास. जाऊन येऊन चार. दहा तासांतले सहा उरले, त्यातून जागा शोधणे, नांगर टाकणे-उचलणे, जेवण आणि गुंतलेल्या दोऱ्या सोडवणे वजा करा. गळ पाण्यात राहतो फार तर चार तास. चार-साडेचार तासांची फेरी ८-१० किलोमीटरवरच्या खडकांवर केली तर प्रवासाचा सव्वा तास आणि इतर कामांचा अर्धा-पाऊण तास जाऊनही अडीच तास गळ पाण्यात राहतो, आणि डिझेल तिसऱ्या हिश्श्यात भागते. कोणतीही ट्रिप घेताना एकूण तास विचारू नका, गळ पाण्यात किती वेळ राहील ते विचारा आणि एकूण रकमेला त्या तासांनी भागा. दोन बोटींची तुलना करायची खरी रीत ही आहे.

मासा अंतराला भुलत नाही. तो असतो तळाच्या खडकांपाशी, ओढ असलेल्या पाण्याच्या कडेला, तारली-पेडव्यांसारख्या छोट्या माशांच्या थव्यामागे, जिथे पक्षी पाण्यावर झेपावत असतात तिथे. निवतीच्या आणि वेंगुर्ल्याच्या खडकांभोवती, तसेच मालवण-देवगडसमोर पाण्याखाली राहणाऱ्या खडकांवर, किनाऱ्यापासून ५ ते १५ किलोमीटरच्या आत सुरमई, गेदर, बॅराकुडा, मोडोसा लागतात. ही मासळी चालत्या बोटीमागे लुअर (खोटे आमिष) ओढून मिळते. तळाला गरी सोडली तर करकरा, तांबोशी, गोबरा, शिंगाळा. सुरमईचे दात दोरी सहज तोडतात, म्हणून गळाच्या मागे वीतभर तरी पोलादी तार लागते. बोटीवर तार नाही असे दिसले तर सुरमईच्या गप्पा पुढे नेऊ नका.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात ट्रेव्हली किंवा कुप्यासारख्या पन्नास किलोच्या माशाशी झुंज असेल, तर त्यासाठी अंदमानला जायला हवे. तिथे काही ठिकाणी किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरांत तळ शेकडो मीटर खाली जातो, बोटी आणि सामान त्या कामासाठी बांधलेले असते, आणि मोठा मासा सोडून देण्याची रीत पाळली जाते. तो खर्च आणि ती तयारी निराळी. मालवणला त्या अपेक्षेने आलात तर चांगला दिवसही तुम्हाला फुकट गेल्यासारखा वाटेल.

‘मोठा मासा नक्की’ असे कोणीही प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही. पाणी गढूळ असले, तारली आत आली नसेल, ओढ फार असेल, तर उत्तम तांडेलही दोन करकऱ्यांवर परततो. त्यात आमच्या किनाऱ्याची गेल्या काही वर्षांची दुखरी गोष्टही आहे. थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरीही रात्री बाहेर उजेड दिसल्याच्या तक्रारी सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार करतच असतात. थवाच्या थवा एका रात्रीत उचलला गेला की गळ घेऊन जाणाऱ्याला आठवडाभर पाणी रिकामे लागते. हे मी तुम्हाला निरुत्साही करायला सांगत नाही. ज्या तांडेलाने तुम्हाला फोनवर ‘मासा लागेलच असे नाही’ असे आपणहून सांगितले, तो तांडेल धरून ठेवा.

हंगाम तुमचा चांगला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ऑगस्ट-सप्टेंबरात बंदी उठलेली असली तरी समुद्र खवळलेला आणि नद्यांच्या पाण्याने गढूळ. ऑक्टोबरपासून पाणी निवळू लागते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचाही काळ. नोव्हेंबर २००९ चे फयान कोकणातली घरे अजून विसरलेली नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी देवगड बंदरात आश्रयाला आल्या होत्या. डिसेंबर म्हटले की सगळे आलबेल, असे धरून चालू नका.

डिसेंबरअखेरचा सर्वसाधारण दिवस असा असतो: पहाटे मतलई वारा जमिनीकडून हलका वाहतो, पाणी आरशासारखे, दहा-साडेदहापर्यंत असेच. मग वारा पडतो, थोड्या वेळाने वायव्येकडून सुरू होतो आणि दुपारी एकपर्यंत छोट्या, तुटक, त्रासदायक लाटा उठवतो. पहाटे ५ ते दुपारी ३ या ट्रिपचा परतीचा प्रवास नेमका यात सापडतो. बोट पूर्वेला येते, लाट डाव्या कुशीवर बसते, आणि दोन तास बोट या कुशीवरून त्या कुशीवर झुलते. मासे धरून दमलेला, उन्हाने भाजलेला माणूस तेव्हाच आडवा होतो. सकाळची फेरी साडेदहापर्यंत परतते आणि हा सगळा भाग टळतो.

पहाटे ५ ला निघण्यातही अर्थ नाही. डिसेंबरअखेरीस मालवणला सूर्य ७ च्या सुमारास उगवतो. पाचला म्हणजे किर्र अंधारात वडिलांना आणि मुलाला बोटीवर चढवायचे, आणि वाटेतल्या जाळ्यांचे बोये अंधारात चुकवत जायचे. सव्वासहाला, फटफटताना निघा.

या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, जी स्थानिक हवा बघून कळत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाकडे शमाल वारे जोरात वाहिले की त्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतात. मालवणात पान हलत नसते आणि बाहेर बोट मात्र नाचत असते. म्हणून आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, दोन्ही बघा. दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. तुमच्या सहा जणांसाठी माझी मोजमापे अशी: लाटेची उंची १ मीटरपर्यंत असेल तर जा. १ ते दीड मीटर असेल तर फक्त चौघे मोठे जा. दीडच्या वर कोणीच नको. वारा ताशी १२ सागरी मैलांच्या वर दाखवत असेल तर वडील आणि मुलगा किनाऱ्यावर.

उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही तिथे दिलेले असतात, ते वाचायला शिका. एक मीटरची लाट पाच सेकंदांनी येत असेल तर ती बोटीला आपटते. तीच चौदा सेकंदांनी येत असेल तर बाहेर जाणवतसुद्धा नाही, पण खाडीच्या तोंडाशी, उथळ वाळूवर, ती उभी राहते आणि फुटते.

या खाडीच्या तोंडाबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण बुकिंग करताना कोणी याचा विचार करत नाही. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि ते दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि समोरून लाट आत येत असते, तेव्हा त्या चिंचोळ्या जागेत लाट कडेलोट झाल्यासारखी उभी राहते. बाहेर जाताना तांडेल ती समोरून बघून घेतो. परतताना ती पाठीमागून येते, बोटीची मागची बाजू उचलते आणि बोट आडवी वळवू पाहते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि दोघांचा जीव गेला. बाहेरचा समुद्र पार करून आलेल्या माणसांना किनारा दिसू लागला की सगळे संपल्यासारखे वाटते, लाइफ जॅकेट काढली जातात, मोबाइल बाहेर येतात. जॅकेट जेट्टीला पाय लागेपर्यंत काढू नका, आणि तांडेलाला आधीच विचारा: बोट कुठून सुटते, आणि आपण परत येऊ तेव्हा खाडीच्या तोंडात भरती असेल की ओहोटी? देवगडचे बंदर नैसर्गिक आडोशाचे आहे. मालवणच्या जेट्टीला किल्ल्याचा आणि खडकांचा आडोसा आहे. वडील सोबत असताना मी तुम्हाला या दोनपैकीच एका जागेहून निघायला सांगेन.

जेट्टीचा दुसराही फायदा आहे. काही ठिकाणी बोट वाळूजवळ उभी असते, मांडीभर पाण्यातून चालत जाऊन काठावरून अंग वर ओढून चढायचे असते. ६८ वर्षांच्या गुडघ्यांना दिवसातले सगळ्यात अवघड काम हेच ठरते.

आता गाडी लागणाऱ्या मित्राबद्दल. बरेच जण मला सांगतात, ‘सिंधुदुर्ग किल्ल्यावर बोटीने गेलो होतो, काही झाले नाही.’ त्यावरून काहीच ठरत नाही. बोट चालू असते तोवर ती लाट कापत जाते, वारा तोंडावर असतो, नजर लांब असते. त्रास सुरू होतो बोट थांबल्यावर. नांगर टाकला की बोट जागच्या जागी डोलते, डिझेलचा धूर घुटमळतो, समोर माकूल आणि बांगड्याचे तुकडे कापलेले असतात आणि मान खाली घालून गळाला आमिष लावायचे असते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला इथे बोट लागण्याची शक्यता भरपूर आहे, असेच धरा. ३० किलोमीटरवर तो लोळू लागला तर परतीचे दोन तास त्याला कोणीही सोडवू शकत नाही. ८ किलोमीटरवर असेल तर अर्ध्या तासात किनारा.

तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. ती उलटी सुरू झाल्यावर उपयोगाची नाही. रात्री झोपताना एक आणि निघण्याच्या तासभर आधी एक असे बहुधा सांगतात, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. या गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही चालत नाहीत, म्हणून वडिलांसाठी नक्की विचारा. मुलाची मात्रा वेगळी असते. आदल्या रात्री तिखट जेवण आणि दारू टाळा. रिकाम्या पोटीही जाऊ नका, पेज-भात किंवा दोन घावणे खाऊन निघा. आलेपाक खिशात ठेवा. बोटीत मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, धुराच्या वाटेत न येता बसा, क्षितिजाकडे बघा आणि मोबाइल पिशवीत टाका. ओहोटीचे पाणी जोरात असेल तर तांडेलाला सांगून नांगर न टाकता लुअर ओढत फिरण्यावर भर द्या. चालत्या बोटीवर हा मित्रही मजेत राहील.

वडिलांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर गळ लागून झालेली छोटी जखमही लांबत जाते, हे तांडेलाला आधी सांगा. कमरेचे दुखणे असेल तर मात्र त्यांना नेऊ नका. लाटेवर बोट आदळते तेव्हा तो धक्का थेट मणक्यात जातो.

मुलाची काळजी वेगळी. त्याला मोठ्या रॉडने फेकायला लावू नका. सहा माणसे एका बोटीत रॉड मागे नेऊन फेकू लागली की गळ कोणाच्या कानात अडकेल सांगता येत नाही. त्याच्या हातात साधी दोरी, शिसे आणि छोटा गळ द्या, तळाला सोडू द्या. पहिला करकरा दोरीवर टुकटुक करतो तेव्हा त्याच्या बोटांना जे कळते ते कुठल्याही महागड्या रीलवर कळत नाही. लहान मुलांना मी कायम असेच शिकवत आलो आहे. त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या: जॅकेट घालून पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून वर उचला, ते कानापर्यंत सरकले तर ते त्याचे नव्हे. शिंगाळ्याचे आणि पाकटाचे काटे विषारी असतात, तो मासा गळावरून खलाशीच काढेल. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, मग डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जाण्याचे हेही एक कारण आहे.

बोट बघताना रंग बघू नका. मासेमारीची नोंदणी वेगळी आणि प्रवासी नेण्याचा परवाना वेगळा. महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी परवाना, त्यावर लिहिलेली माणसांची संख्या आणि विमा हे कागद मागा. प्रामाणिक माणूस यात अपमान मानत नाही. दुसरे इंजिन, निदान घरी आणण्यापुरती छोटी मोटर, असायला हवी. किनाऱ्यापासून १५-२० किलोमीटरवर मोबाइलची रेंज जाते, त्यापुढे जायचे असेल तर व्हीएचएफ रेडिओ हवाच. त्याची १६ नंबरची वाहिनी संकटासाठी राखीव असते. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, तो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. सावली आहे का आणि शौचाची सोय काय, हे लाजेखातर कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

तांडेलाला एक प्रश्न जरूर विचारा: ‘गेल्या हंगामात तुम्ही कधी वाटेतून परत फिरलात का, आणि कशामुळे?’ जो तारीख आठवून, वारा कुठला होता आणि गिऱ्हाईक काय म्हणाले हे सांगू लागतो, त्याच्या हाती तुमचे वडील आणि मुलगा द्यायला हरकत नाही. ‘आम्ही कधीच परत फिरत नाही’ हे उत्तर मिळाले तर आभार मानून फोन ठेवा.

कुठे गरवणार तेही विचारून घ्या. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पद्मगडाच्या आसपासचा भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. ‘लांब कशाला, किल्ल्यापाशीच सोडू गरी’ असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. तिथले खडक आणि प्रवाळ ही पुढच्या सगळ्या माशांची पाळणाघरे आहेत, आणि ती जपली गेली तरच बाहेर काही लागणार आहे.

सकाळची फेरी चांगली झाली आणि चौघा मित्रांना गोडी लागली, तर दिवसभराच्या ट्रिपसाठी वेगळे या, जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ फार, तळाला सोडलेले शिसे जागेवर ठरत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी संथ, तळाची गरी सुरेख चालते. आमच्याकडे उधाणाची भरती-ओहोटी मुंबईच्या साधारण निम्मी, तरीही ओढीचा फरक गळाला स्पष्ट जाणवतो. लुअर ओढून सुरमईच हवी असेल तर थोडी ओढ बरी, त्यासाठी अष्टमीनंतरचे तीन-चार दिवस मला आवडतात.

आणि मासा कोणाचा? याचा ठरलेला नियम नाही, म्हणून आधी बोला. बहुतेक बोटींवर गिऱ्हाइकाने धरलेला मासा गिऱ्हाइकाचा असतो, काही जण मोठी सुरमई बोटीची धरतात आणि तुम्हाला वाटा देतात. दोन्ही रीती ठीक, वाद होतो तो न बोलल्यामुळे. खलाशाला एक चांगला मासा द्या, तो त्याच्या घरी जातो. लहान मासा सोडून द्या: २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत, त्याहून छोटी मासळी धरायची नाही. समुद्री कासव, डॉल्फिन आणि व्हेल शार्क कायद्याने संरक्षित आहेत, दिसले तर लुअर आत ओढून घ्या आणि इंजिन मंद करायला सांगा.

सुरमई पुण्याला न्यायची असेल तर ती बोटीवर येताच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि समुद्राचे पाणी घातलेल्या बर्फात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूने गरम राहतो. जेट्टीवर पोट साफ करून घ्या, तुकडे करू नका, अख्खी न्या. शीतपेटीत खाली, वर आणि पोटात बर्फ भरा, वितळलेले पाणी वाटेत काढून टाका आणि घाट चढून आल्यावर कोल्हापूरला बर्फ बदला. दुपारी निघून रात्री घरी पोचलात तर दुसऱ्या दिवशी ती तितकीच चांगली लागते.